टरफलाची आतली बाजू

९ जानेवारी

तू माझ्या लेकीचा कोंबडा कापलास. सुरीनं कापलास की शिवणाच्या कात्रीनं ते मला माहीत नाही, पण कापलास. काल जावई वाटेत ट्रक उभा करून पाणी प्यायला आला होता, त्याच्या तोंडून निघालं. 'कोंबडा गेला, हिनं कापला,' म्हणाला, पेला पालथा घातला आणि निघाला. जशी काही जुनी चप्पल टाकली.

आता नमस्कार घे. मी तुझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोची आई. आपण एकमेकींना एकदाच पाहिलंय, तू त्या घरात आलीस त्या दिवशी. तू मान खाली घालून बसली होतीस आणि मी तुझ्या ब्लाउजाची शिलाई बघत होते. शिलाई सरळ होती. तुझ्याबद्दल मला ठाऊक आहे ते एवढंच.

तो कोंबडा माझ्या लेकीनं हातावर वाढवलेला शेवटचा. पोरगी परकरात होती तेव्हापासून तिनं निळ्या अंड्यांची जात धरून ठेवली होती. एकाच कोंबडीनं निळं अंडं दिलं, त्यावरून तिनं सगळा वंश उभा केला. लोक म्हणायचे, अंडं ते अंडं, पोटात गेल्यावर रंग कोण बघतो? ती म्हणायची, मी बघते. लेक गेली. माझ्याकडच्या कोंबड्या मागच्या साली रोगानं गेल्या, आठवड्याभरात खुराडं झाडून ठेवावं लागलं. आता निळी अंडी देणारं जे काही उरलंय ते तुझ्या अंगणात आहे. त्यातला कोंबडा तू खाल्लास.

का कापलास ते लिही. शिजायला किती वेळ लागला तेही लिही, म्हणजे मला कळू दे किती वेळ बसून बघत होतीस. आणि माझी नात मला पत्र का लिहीत नाही? आधी महिन्याला एक यायचं, त्यात कोंबड्यांची चित्रं असायची. ते कुणी बंद केलं?

फोन करू नकोस. फोनवर मला काही ऐकू येत नाही, हात शाबूत आहेत. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, लागलं नाही तर नातीकडून वाचून घे. उत्तर तिनं लिहायचं. तुझं पत्र मला नको.

नातीची आजी


२० जानेवारी

आजी,

नमस्कार. तुम्ही नातीला लिहायला सांगितलं होतं, पण लिहितेय मी. तिची परीक्षा आहे. रागावू नका.

कोंबडा मी कापला, हे खरं आहे. माझं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. मागच्या अंगणातून तो आत यायचा आणि गिऱ्हाइकांच्या अंगावर जायचा. माप द्यायला आलेल्या एका बाईंच्या पोटरीत त्यानं पायाचा काटा घुसवला. रक्त आलं. त्या पुन्हा आल्या नाहीत. हे महिना महिना रस्त्यावर असतात, गिऱ्हाईक तुटलं तर मी काय करणार? म्हणून एका सुट्टीच्या दिवशी कापला. लवकर शिजला, मऊ होता. वेळ काही लागला नाही.

मला एक कळलं नाही. अंडी तर कोंबड्या देतात. तिन्ही कोंबड्या आहेत. आज सकाळीसुद्धा दोन निळी अंडी मिळाली. कोंबडा नुसता आरवायचा. मग गेलं काय? विचारतेय, उलट बोलत नाही.

नात बरी आहे. जेवते. शाळेतून आली की माझ्या मशीनजवळ बसून बटणं रंगांप्रमाणे लावते. बोलते कमी. पत्रं मी बंद केलेली नाहीत.

तुमची,
काय लिहावं ते कळत नाही. शिंपीण


२९ जानेवारी

शिंपिणीस,

मला आजी म्हणू नकोस. मी नातीची आजी, तुझी नाही. तुझं-माझं वय पाहिलं तर ते बसतही नाही. नातं सुचत नसेल तर बिननावाचं लिही, मला समजतं.

'कोंबडा नुसता आरवायचा' हे मी शेजारणीला वाचून दाखवलं आणि दोघी हसलो. ती घरी गेल्यावर मात्र मला हसू आलं नाही. अगं, खाण तशी माती म्हणतात ते अर्धंच. पोर बापावरही जाते. अंड्याचा रंग कोंबडी आईकडून घेते तसाच बापाकडूनही घेते. कोंबडा अंडं देत नाही म्हणून त्याच्यातला रंग कुणाला दिसत नाही, इतकंच. तुझ्या तीन कोंबड्या आज निळी अंडी देतात, उद्या म्हाताऱ्या होतील, मरतील. त्यांना पोरी कुठून होणार? कोंबडा गेल्यावरही थोडे दिवस अंड्यांत जीव धरतो. तेव्हाच कळवलं असतंस तर ती अंडी बसवता आली असती. तू तोंड मिटून बसलीस.

आता एकच वाट आहे. ज्या घरी पांढरी अंडी निघतात तिथला कोंबडा आण. निळा रंग हट्टी असतो, पांढऱ्यात पडला तरी बुडत नाही, थोडा फिका होतो. कोंबडीनं अंडी घालायचं थांबवलं, अंग फुगवून खुराड्यात बसून राहिली, हात घातला की गुरगुरली, म्हणजे ती खुडूक झाली असं समज आणि तिच्याखाली अंडी ठेव. पिल्लू लंगडं-लुळं निघालं तर मान पिरगळून टाक, त्याच्यापायी बाकीची घालवू नकोस. पिल्लांत कोंबडे निघतील, त्यातला धडधाकट एक ठेव, बाकीचे काप. ते तुला जमतंच.

आणि नीट वाच. जावयानं मला शब्द दिलाय. तिथे पोरीचं बरं होत नाही असं मला वाटलं तर मी तिला घेऊन जायचं, तो आडवा येणार नाही. ज्या घरात आईचा कोंबडा टिकला नाही तिथे आईची पोर कशी टिकेल, असं मी रोज स्वतःला विचारते. तरी तुला संधी देते. या पिल्लांतली तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, मोठी होऊन पहिलं अंडं देईल. ते निळं असलं तर पोर तुझ्याकडे राहील. नाहीतर मी येते. टरफल मला पाठवायचं. रंगांच्या बाटल्या तुझ्या घरात असणार, पण मला फसवता येणार नाही.

उत्तर नातीनं लिहायचं.

नातीची आजी


१६ मार्च

नमस्कार.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे बिननावाचं लिहितेय. आणि पुन्हा मीच लिहितेय. नातीपुढे कागद ठेवला होता. तिनं पेन्सिलीला टोक केलं, टोक मोडलं, पुन्हा केलं आणि झोपायला गेली. मी जबरदस्ती केली नाही.

कोंबडा आणला. पलीकडच्या गल्लीतल्या पाववाल्याकडे आहेत, त्यातला सगळ्यांत पांढराशुभ्र मागून घेतला. एकही काळं पीस नाही, जसा काही नवा मांजरपाट. त्याचा एक जुना कोट उलटून शिवून दिला, त्याबदल्यात.

मग एक कोंबडी खुडूक झाली. मला तिला उचलता येईना. खरं सांगते, मला चोचीची भीती वाटते. शेवटी जाड कोटाच्या कापडाचे कोपरापर्यंत हातमोजे शिवले, डोळे मिटले आणि उचलली. तिनं काहीच केलं नाही. अंड्यांत जीव धरला का ते मशीनच्या छोट्या दिव्यापुढे धरून पाहिलं. आत लाल धाग्यांचं जाळं दिसलं. मला कुणी असं काही असतं म्हणून सांगितलं नव्हतं.

पिल्लं निघाली. पाच. चार चांगली आणि एक तुम्ही म्हणालात तसं, एक पाय बाहेर फेकलेला. मी त्याला हातात घेतलं. तुम्ही लिहिलं होतं ते मला जमलं नाही. त्याचे दोन्ही पाय मऊ दोऱ्यानं सैलसर बांधले, बटणांच्या डब्यात चिंध्या घातल्या आणि डबा इस्त्रीच्या टेबलाखाली ऊब येते तिथे ठेवला. आता ते उभं राहतं. तुम्हाला आवडणार नाही, पण लपवायचं नाही म्हणून लिहिलं.

नात पिल्लं बघायला खुराड्याकडे येत नाही. डब्यातलं मात्र शाळेतून आली की बघते.

शिंपीण


२६ मार्च

शिंपिणीस,

पांढरा कोंबडा! अगं, पिसं बघून कोंबडा आणलास? मी कापड मागवलं होतं का? पांढऱ्या पिसांची कोंबडी खुशाल तपकिरी अंडी देते. घराणं बघायचं असतं. पाववाल्याला साधं विचारायचं होतंस, बाबा रे, तुझ्याकडे अंडी कुठल्या रंगाची निघतात? आणि कानाची पाळी बघायची. पाळी पांढरी तर बहुतेक अंडं पांढरं, पाळी लाल तर तपकिरी. हे मी लिहिलं नव्हतं, म्हणून माझी चूक आहे असं समजू नकोस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

जा, आत्ता त्याचा कान बघ. हातमोजे घालून बघ.

नात पिल्लांकडे फिरकत नाही म्हणतेस. ही पोर चालायला लागली ती कोंबड्यांच्या मागे. आईच्या कडेवरून उतरून खुराड्यात शिरायची, पिसं डोक्यात घेऊन बाहेर यायची. ती फिरकत नाही, की तुला आवडत नाही म्हणून फिरकू देत नाहीस? एवढं मला साधं कळू दे.

आणि नवल आहे हो. सबंध कोंबडा कापला जातो, आणि मुठीएवढ्या पिल्लाची मान पिरगळली जात नाही.

ठरलेलं ठरलेलंच आहे. पहिलं अंडं. उत्तर नातीनं लिहायचं, शंभरदा सांगतेय.

नातीची आजी


१९ जुलै

नमस्कार.

उशीर झाला. आधी वाईट ते लिहिते. तीन जुन्यांपैकी दोघी गेल्या. उन्हाळा फार झाला. पाणी बदलत होते, खुराड्यावर ओली गोणपाटं टाकत होते, तरी गेल्या. तिसरी आहे, पण तिनं अंडी घालायची बंद केली आहेत.

कान पाहिला होता. लाल आहे. पाववाल्याला विचारलं. तपकिरी. तुमचं पत्र आलं तेव्हा पिल्लं अंड्यांतून बाहेर आली होती, करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पाच पिल्लांत चार कोंबडे निघाले. तलंग एकच आहे, ती म्हणजे बटणांच्या डब्यातली. जरा फेंगडी चालते. कोंबडे चारही ठेवलेत. सकाळी एकदम सुरू होतात. गिऱ्हाइकं म्हणतात, तुमच्याकडे शिवायला टाकलं की बँडबाजा फुकट.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं. नातीनं विचारलं, आजी मला न्यायला येणार का? मी म्हटलं, अंडं बघून. दुसऱ्या दिवशी ती इतक्या महिन्यांत पहिल्यांदा खुराड्यापर्यंत गेली. आत पाहिलं नाही. कडी हलवून पाहिली, पुन्हा हलवून पाहिली आणि परत आली. आता रोज संध्याकाळी तसंच करते. मी तिला अडवत नाही आणि कधी अडवलंही नव्हतं.

शिंपीण


३० जुलै

शिंपिणीस,

म्हाताऱ्या वयानं गेल्या, तुझ्यानं नाही. जिवंत आहे तिला सावलीत ठेव. चुना खायला घाल, अंगावर थोडं मांस चढलं की पुन्हा चार अंडी देईल.

दोन गोष्टी विचारते. कोंबडा गेला त्या दिवशी नात शाळेत होती की घरात? आणि ती कडी आधी जुनी होती, ती बदललीस का?

नातीची आजी


२८ सप्टेंबर

नमस्कार.

तलंगेनं काल अंडं दिलं. सकाळी मोठ्यानं ओरडली, मी मशीन सोडून धावत गेले. इस्त्रीच्या टेबलाखालीच दिलं, चिंध्यांवर.

हिरवं आहे.

मी ते खिडकीत नेऊन पाहिलं, सावलीत पाहिलं, निळ्या अस्तराच्या तुकड्याजवळ धरून पाहिलं. रंग जुळवण्यात माझं आयुष्य गेलंय, मला स्वतःला फसवता येत नाही. हिरवं आहे, वाळलेल्या पानाकडे झुकणारं. निळं नाही.

माझ्याकडे निळ्या रंगाची बाटली आहे. काल दुपारभर ती टेबलावर, अंड्याच्या शेजारी उभी होती. मग मी ती कपाटात ठेवली आणि अंडं फोडलं. टरफलाचे दोन्ही भाग कापसात घालून, बटणांच्या डब्यात ठेवून या पत्राबरोबर पाठवतेय. ठरलं होतं तसं.

तुम्ही या. मी तंटा करणार नाही. यांनी शब्द दिला आहे आणि मीही अट ऐकून घेतली होती. नातीचे दोन फ्रॉक आणि एक जाड झगा शिवून ठेवलाय. शिवणींत दोन-दोन बोटं माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडली आहे आणि घेर आत दुमडून घातला आहे. पुढच्या वर्षी बगलेतली बाहेरची टीप उसवायची, आतली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी घेराची. उसवायचा दोरा मी मुद्दाम पिवळा घातला आहे, म्हणजे तुम्हाला चष्म्याशिवाय दिसेल. तिला मानेपाशी टोचलेलं चालत नाही, गळ्याला आतून मऊ पट्टी लावली आहे. झोपताना एक पाय पांघरुणाबाहेर लागतो. झाकू नका, जागी होते.

तिला अजून सांगितलेलं नाही. तुमचं येणं कळलं की सांगेन.

तलंग तिच्याबरोबर पाठवू का? ती माणसाळलेली आहे, प्रवासात त्रास देणार नाही.

शिंपीण


९ ऑक्टोबर

डबा उघडला. कापूस काढला. हिरवं टरफल बघून मी डबा बंद केला आणि शेजारणीला म्हटलं, पिशवी काढ, मला नातीला आणायला जायचंय. तिनं पिशवी काढली. मी बसून राहिले. मग म्हटलं, लेकीच्या वंशाचं शेवटचं टरफल आहे, एकदा हातात तरी घ्यावं.

शिंपिणी, तू आयुष्यभर कपडे उलटून आतली शिलाई बघतेस, आणि टरफल उलटून बघितलं नाहीस?

तू पाठवलेल्या दोन भागांतला एक मी परत पाठवतेय. उजेडात जा. आतलं पातळ पापुद्र्यासारखं असतं ते नखानं सोल आणि बघ. निळं आहे. माझ्या लेकीच्या पहिल्या अंड्याइतकं निळं. तपकिरी रंग वरून चढतो, शेवटी शेवटी, रंगाचा हात फिरवल्यासारखा. तो पाववाल्याच्या कोंबड्याचा. म्हणून बाहेरून हिरवं दिसतं. निळा तसा नसतो, तो टरफल बनतानाच त्यात मुरतो, आरपार. पाण्यात बाटली ओतून रंगवलं असतंस तर आतून पांढरं निघालं असतं आणि मी त्याच पावली निघाले असते. म्हणून तर टरफल मागितलं होतं.

वंश आहे. जिची मान पिरगळ म्हणाले होते तिच्या पोटात आहे. बोंबलणारे चार कोंबडे ठेवलेस त्यांच्याही अंगात आहे, दिसत नाही इतकंच. बरं झालं तुला कापता येत नाही. म्हातारी अंड्यावर आली की त्यातला लाल पाळीचा सोडून दुसरा कुठला असेल तर तो तिच्याकडे ठेव. सगळेच लाल असतील तर सगळ्यांत शांत असेल तो ठेव. दोन पिढ्यांत वरचा तपकिरी धुऊन निघेल. घाई करू नकोस. माझ्या लेकीनंही केली नव्हती.

आता कोंबड्याचं.

पाच वर्षांचा कोंबडा 'लवकर शिजला, मऊ होता' असं तू लिहिलंस. अगं, तसला कोंबडा सकाळपासून संध्याकाळपर्यंत चुलीवर ठेवला तरी खाणाऱ्याचे दात पाडतो. हे मी जानेवारीत वाचलं होतं. पण राग डोक्यात असला की वाचलेलं डोळ्यांत शिरत नाही. मग तुझे हातमोजे आले. मग पिल्लू डब्यात गेलं. मग चार कोंबडे सुरीवाचून मोठे झाले. आणि मग नात रोज कडी हलवून बघायला लागली. मी दोन गोष्टी विचारल्या, तू दोन्ही गिळल्यास. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का? मी काय आज अंड्यातून बाहेर आले?

कडी पोरीच्या हातून लावायची राहिली. मुंगसानं नेला की कुत्र्यानं, ते मला माहीत नाही आणि विचारतही नाही. आईचा कोंबडा आपल्या हातून गेला हे ती आजीला कुठल्या तोंडानं लिहिणार होती? तिला माझं तोंड माहीत आहे. आणि तू ते सगळं स्वतःच्या नावावर घेतलंस, माझ्या शिव्या खाल्ल्यास, आणि पोर सोडून द्यायची वेळ आली तरी खरं बोलली नाहीस. हा मूर्खपणा आहे. आई करते तसला.

नातीला हे पुढचं वाचून दाखव. जसंच्या तसं, गोड करू नकोस. माझ्या खुराड्याची कडी माझ्या हातूनही राहिलेली आहे, एकदा नव्हे. तुझ्या आईच्या हातून राहिली तेव्हा सहा कोंबड्या गेल्या होत्या. तिनं दोन दिवस तोंड लपवलं आणि तिसऱ्या दिवशी उरलेल्यांना दाणे घातले. दाणे कुणीतरी घालावेच लागतात.

मी न्यायला येत नाही. पोर तिथेच राहील. जावयाला सांगितलंय, त्यानं ट्रकमध्ये बसवून एकदा तुम्हा दोघींना इकडे आणावं. फ्रॉकांच्या टिपा दर वर्षी तूच उसवायच्या. पिवळा दोरा काढून टाक, मला तो दिसायची गरज नाही.

रिकामं खुराडं मी परत शेणानं सारवलंय. वंश सुधारला की तीन अंडी मला पाठव, भुशात घालून.

पोर तुझी म्हटल्यावर मी तुझी कोण, ते तुझं तू काढ आणि पत्राच्या वर लिही. बिननावाचं आलं तर फोडणार नाही. नातीला लिहावंसं वाटेल तेव्हा ती लिहील, तिच्यापुढे कागद ठेवू नकोस. या पत्राचं उत्तर तिनं द्यायचं नाही, जावयानंही नाही. तू द्यायचं.